माडीच्या फळ्या आणि पहिलीची पावलं

लग्नात माझ्या गळ्यात दोन गोष्टी पडल्या. एक मंगळसूत्र, आणि दुसरा चांदीचा टाक. त्या टाकावर नऊवारी नेसलेली, नाकात नथ घातलेली, हात जोडून उभी असलेली एक बाई उमटवलेली होती. ती माझ्या नवऱ्याची पहिली बायको. दुसरेपणावर दिलेल्या मुलीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, नवं लुगडं आधी टाकाला लावायचं आणि मगच नेसायचं, सणाच्या ताटातला पहिला घास तिच्या नावानं बाजूला काढायचा, अशी आमच्याकडची रीत. त्यानं म्हणे मेलेलीचा जीव घुटमळत नाही आणि नवीचं बरं चालतं. माझं एवढंच चाललं की प्रत्येक नवं लुगडं मला कुणीतरी नेसून सोडलेलं वाटायचं.

माझं माहेर मोर्शीकडचं. आमचे संत्र्यांचे बगीचे होते, आणि पाण्याच्या पाळीला घरातल्या पोरीही वाफ्यात उतरायच्या. अकोल्याला आले ती फळांच्या अडतीच्या घरात. खाली माल उतरायचा, पाट्या-पेट्यांचा ढीग पडायचा, आणि वर आमची माडी. सासरे मी येण्याआधीच वारले होते. त्यांना लाकडाचा भारी शौक. मेळघाटातला साग त्यांनी स्वतः उभं राहून चिरून घेतला आणि माडीला फळ्यांची जमीन केली. इतरांच्या माड्यांनाही फळ्या असत, पण त्यांवर माती टाकून सारवलेलं असे. आमच्याकडे लाकूड उघडं. दर दिवाळीला त्याला जवसाचं तेल चोळायचं. वर्षानुवर्षांच्या त्या तेलात धूळ आणि धूर बसून फळ्या काळ्याकुट्ट झाल्या होत्या. उन्हाळ्यात तर चिकट लागायच्या. माझी दोन्ही लेकरं वर रांगली ती गुडघे काळे करूनच.

त्या काळ्या जमिनीवर एकच गोष्ट उठून दिसायची. जिन्याच्या तोंडापासून निघालेली लाल पावलं. तेलाच्या रंगातली, पक्की. लक्ष्मीची पावलं काढतात तशी, मुठीची कड टेकवून तळवा आणि वर बोटांचे पाच ठिपके. शेजारशेजारच्या दोन फळ्यांवरून डावं-उजवं करत ती आत यायची आणि खोलीच्या मधोमध थांबायची. पुढे भिंतीतल्या कपाटापर्यंत, जिथे भाद्रपदात आमच्या महालक्ष्म्या उभ्या राहायच्या, तिथपर्यंत नुसत्या काळ्या फळ्या.

ती पावलं पहिलीनं काढलेली. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवशी सासूबाईंनी मला ती दाखवली, आणि वर सांगितलं, "पाह्य, किती भक्तीनं काढले हायेत पाय. दरसाली कोन पीठ सांडत बसते? कायमचे काढून ठेवले पोरीनं."

"मधातच काहून थांबले?" मी विचारलं.

"लक्षुमी तिथं थिरावली," सासूबाई म्हणाल्या.

महालक्ष्म्यांना येणाऱ्या बाया त्या पावलांना हळदकुंकू लावायच्या. वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "किती नाजूक वं हात! पाऊल पाह्य कसं उमटलं, जशी जाईची कळी." मी बाजूला पंचामृत घेऊन उभी. माझे हात नाजूक नव्हते. माहेरच्या विहिरीच्या दोरानं घट्टे पडलेले, बोटं जाड. पिठाची पावलं मी फक्त दारापासून जिन्याच्या पायथ्यापर्यंत काढायची. वर काढायची नाहीत, कारण "वर पहिलीचे हायेत." एकदा खालची माझी पावलं बघून सासूबाई हसत म्हणाल्या होत्या, "सूनबाई, तुही लक्षुमी म्हंजे हत्तीन दिसते." सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन पुरणावर एवढा राग काढला की पुरणयंत्राचा दांडा निखळला.

सासूबाईंच्या तोंडी ती सतत असायची. पहिलीनं कधी उलट उत्तर दिलं नाही. पहिलीनं ताटात कधी टाकलं नाही. पहिलीला एकदा बस म्हटलं की उठ म्हणेपर्यंत उठायची नाही. बाळापूरकडच्या चांगल्या घरची होती, साथीच्या तापात गेली, एवढंच मला तिच्याबद्दल ठाऊक. ती गेल्यावर नवरा कित्येक वर्षं दुसरं करायला तयार नव्हता, हे मला शेजारणीनं मुद्दाम सांगितलं होतं. ते ऐकल्यापासून तर माझ्या डोळ्यांपुढे टाकावरची ती बाई चालायला लागली. उंच, गोरी, सडपातळ, केतकीच्या रंगाची. नथ हलते आहे आणि माझा नवरा तिच्याकडे बघतो आहे. मी जळायचे. जळायचे म्हणजे खरंच, छातीत आग व्हायची. जिवंत सवत असती तर तिचे दोष तरी दिसले असते. हिचा एकही दोष कुणाला आठवत नव्हता.

आणि नवरा? तो तिच्याबद्दल अवाक्षर काढायचा नाही. फक्त दिवाळीला मी तेलाचा बोळा घेऊन बसले की दारातून म्हणायचा, "पायावर तेल नोको लावू." बस्स. एवढं एकच वाक्य, पण दर वर्षी. तो वाईट वागला असता तर मी माहेरी जाऊन रडले असते. तो चांगला वागायचा, हळू बोलायचा, हात उचलायचा नाही. मग रडायचं कशासाठी?

एका वैशाखात मी ठरवलं की माडीची जमीन घासून काढायची. वर वर कारण सोपं होतं. लेकरांचे कपडे काळे होतात, पाय चिकटतात, साग आत सोन्यासारखा आहे तो दिसला पाहिजे. सगळं खरं. पण मला त्या फळ्यांवरून लाल रंग उतरलेला बघायचा होता, आणि भाद्रपदात दारापासून कपाटापर्यंत माझ्या मुठीची पावलं काढायची होती. हत्तीण तर हत्तीण.

"घासू दे," सासूबाई म्हणाल्या. गुडघ्यांमुळे त्यांना जिना फक्त सणालाच चढवत असे. "पाय राहतीन नं पन?"

"घासल्याबिगर कसं कळन, आत्याबाई?" मी म्हणाले. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण नाही म्हणाल्या नाहीत.

आता घासायचं कशानं, हा प्रश्न. मी आधी आमच्या ओळखीच्या मिस्तरीला बोलावलं. तो फळ्यांवर उकिडवा बसला, नखानं काळेपणा खरवडला, वास घेतला आणि म्हणाला, "रंधा माराव लागते. वरचं कातडं काढून टाकतो, खालून नवं लाकूड." त्याच्याकडे रंधाच होता, म्हणून त्याला रंधाच सुचत होता. पण एका कोपऱ्यात त्यानं मारून दाखवला तेव्हा पातं खिळ्याच्या डोक्यावर कचकन आपटलं आणि तोंड बोथट झालं. तो पात्याकडे बघत बसला. म्हणाला, "खिळे बहुत हायेत बाई." दुसरा उपाय म्हणजे पोलादी पट्टीनं खरवडणं. त्यानं काळं निघायचं, पण एका फळीला अर्धा दिवस. उरला काचकागद, ज्याला मिस्तरी रेगमाल म्हणायचा.

नवऱ्याचं मत लगेच आलं. जेवताना, वर न बघता. "कागदानंच घास. लाकूड जाले नाई पायजे."

मी भाकरी तव्यावर तशीच सोडली. ज्या माणसाला घरात भाजी कोणती शिजली याचं भान नसतं, त्याला लाकूड जाऊ नये याची काळजी! मला कळलं की कागद वरवर घासतो, आणि लाल रंग लाकडात मुरलेला. कागदानं तो राहील असा त्याचा हिशेब. मी म्हणाले, "रंध्यानं लवकर होईन."

"कागदानं बरं होईन."

"काहून पन?"

त्यानं ताक मागितलं. भाकरी एका बाजूनं करपली होती. तीच मी त्याला वाढली.

तेवढ्यात माझ्या थोरल्या भावाचं पत्र आलं की वहिनीला दिवस गेले आहेत, बघायला ये. तो अमरावतीला राहायचा, संत्र्यांच्या पेट्या भरून लांबच्या शहरांना पाठवायचा, आणि त्याला यंत्रांचं वेड. मी बडनेऱ्याला गाडी बदलून पोचले आणि वहिनीची खुशाली विचारायच्या आधी त्याला माडीचं सांगितलं. त्याचे डोळे चमकले. "अवं, त्याच्यासाठी मशीन आलं हाय! साहेबलोकाच्या क्लबात फळ्या घासणं चालू हाय. माह्या वळखीचा ठेकेदार हाय. चाल, दाखवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी, साहेब लोक यायच्या आत, त्यानं मला मागच्या दारानं तिथे नेलं. मोठा दिवाणखाना, खाली नुसत्या फळ्या, आणि मध्ये ते धूड. लोखंडी रूळ, त्याला जाड काचकागद गुंडाळलेला, मागे भुसा गोळा करायची कापडी पिशवी, आणि भिंतीतून आलेली अंगठ्याएवढी जाड तार. ठेकेदाराच्या माणसानं कळ दाबली आणि हंगामात कापसाच्या जिनात होतो तसा आवाज झाला. ते यंत्र एकदा गेलं की मागे पिवळाधम्मक पट्टा. काळं गेलं, डाग गेले, खुर्च्यांचे ओरखडे गेले. बघता बघता पिशवी फुगली.

"थांबवू नको!" ठेकेदार ओरडला. माणूस क्षणभर तार सोडवायला थांबला होता. तेवढ्यात त्या जागी फळीत चांगली बशीएवढी खळगी पडली. ठेकेदारानं कपाळावर हात मारला आणि माझ्या भावाला म्हणाला, "याचं असं हाय. चालत राहिलं त गुळगुळीत, थांबलं त खड्डा."

भावाला वाटलं मी घाबरले असेन. मी त्या खळगीकडे बघत होते आणि मला आमच्या लाल पावलांवर, जिन्याच्या तोंडाशी तीन ठिकाणी, खोलीत दोन ठिकाणी यंत्र थांबवून ठेवावंसं वाटत होतं. "हेच पायजे मले," मी म्हणाले. ठेकेदाराचं पुढचं काम अकोल्यातच एका बंगल्यात होतं. तिथलं आटोपलं की एक दिवस यंत्र आमच्याकडे आणायचं त्यानं भावाला कबूल केलं. आमच्या घरी वीज नुकतीच आली होती. त्या दिवशी ती तार घरात आल्याचं मला पहिल्यांदा सार्थक वाटलं.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं आता तरी तो काहीतरी बोलेल. तो टोपी खुंटीला लावत म्हणाला, "मशीन येऊ दे. पन आधी कागदानं पाहून घे." आणि दुपारी स्वतः काचकागदाची गुंडाळी आणून माझ्या हातात दिली. जाड, मध्यम, बारीक, तिन्ही.

बरं, मी म्हटलं. त्यानंच दिलेल्या कागदानं तिची पावलं पुसते.

सासूबाई जेवून खाली झोपल्या की मी वर जायची, पदर खोचायची आणि जिन्याच्या तोंडाशी बसायची. बाकीच्या जमिनीला मी हातही लावला नाही. सरळ पावलांपासूनच सुरुवात. तेलाच्या चिकट थरावर कागद फिरवला की तो लगेच भरून गुळगुळीत व्हायचा, पण लाल रंग कोरडा होता, तो भुगा होऊन निघायचा. अकोल्याचं वैशाखातलं ऊन कौलांतून खाली उतरत होतं, घाम नाकावरून फळीवर पडत होता, आणि मला असं समाधान वाटत होतं की काय सांगू. हे एक गेलं. हे दुसरं गेलं. रोज दुपारी थोडी थोडी करत मी खोलीच्या मध्यापर्यंत आले. शेवटच्या दिवशी लाल भुगा झाडून सुपात भरला, खिडकीतून गल्लीत फेकला आणि मग उठून उभी राहिले, दुरून बघायला.

पावलं तिथेच होती. सगळी. लाल होती तेव्हा दिसायची त्याहून ठळक.

रंग लागला तो फळ्या नव्या असतानाच, आणि त्याच्याखाली तेल कधी पोचलंच नव्हतं. "पायावर तेल नोको लावू." आजूबाजूचं लाकूड तेलानं आणि धुरानं आतवर काळं झालेलं, आणि रंगानं झाकलेलं लाकूड कोरं, पिवळं, काल चिरल्यासारखं. काळ्या जमिनीवर सोनेरी पावलं चालत आत येत होती. मी जे पुसायला बसले होते ते मी उजळून ठेवलं होतं. मी काचकागद भिंतीवर फेकला. तो भिंतीला लागून खाली पडला आणि त्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

संध्याकाळी नवरा वर आला. जिन्याच्या वरच्या पायरीवर थबकला. चपला खालीच काढल्या होत्या, तरी त्यानं पाय मागे घेतला. मग तिथेच पायरीवर बसला आणि किती वेळ बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते माझ्याकडे बघताना मी कधीही पाहिलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"उद्या निरोप धाडते ठेकेदाराले," मी म्हणाले. "मशीन घेऊन या म्हनून."

"आन," तो म्हणाला. भांडला असता तर बरं झालं असतं.

यंत्र बैलगाडीतून आलं. चार माणसांनी ते जिन्यावरून वर चढवलं, खाली सासूबाई "भिंत पाडसान, भिंत!" म्हणून ओरडत होत्या, आणि गल्लीतली निम्मी पोरं दारात. ठेकेदारानं जमीन बघितली आणि आधी मिस्तरीला बोलवायला सांगितलं. एकेक खिळ्याचं डोकं हातोडीनं आत बसवल्याशिवाय यंत्र चालवायचं नाही, नाहीतर कागद फाटतो. मिस्तरी एका बाजूनं लागला. मला धीर कुठला? मी दुसरी हातोडी आणि एक बोथट खिळा घेतला आणि दुसऱ्या बाजूनं लागले. खिळे तेलात बुडालेले, डोळ्यांना दिसत नव्हते. गुडघ्यांवर बसायचं, डाव्या हातानं चाचपायचं, सापडलं की त्यावर खिळा धरून ठोकायचं.

त्या दोन फळ्या मी मुद्दाम माझ्याकडे ठेवल्या होत्या. पावलांच्या कडेकडेनं ठोकत ठोकत मी मध्यापर्यंत आले. शेवटच्या पावलाशी दम लागला, म्हणून हातावर भार देऊन जरा टेकले. हातात खिळा होता, म्हणून मूठ मिटलेली. मूठ टेकली ती नेमकी त्या पावलावर.

पाऊल दिसेनासं झालं. बोटांचे ठिपके तेवढे वर उरले, तेही माझ्या करंगळीच्या नखाएवढे. मी मूठ उचलली, पुन्हा ठेवली. माझी मूठ मोठी हे मला कुणी सांगायला नको होतं. पण नाजूक बाईची मूठ झाली तरी ती बाईची मूठ असते. माझ्या वहिनीचे हात नाजूक, तिच्या मुठीची पावलं मी पाहिली आहेत. ही तसली नव्हती. ही मी रोज बघत होते. रोज सकाळी गूळ मागायला माझ्यापुढे येणारी, माझ्या थोरल्या लेकीची मूठ एवढी होती. ती नऊ वर्षांची होती.

मी गळ्यातला टाक हातात घेऊन बघितला. नऊवारी, नथ, पुरती बाई. सोनाराकडे तेवढाच एक साचा असणार.

मी उठले ती तशीच जिना उतरले. नवरा खाली पाट्या मोजून घेत होता. मी त्याला दोन माणसांदेखत बाजूला बोलावलं, जे मी कधी करत नव्हते.

"केवढी व्हती थे?"

त्याला कोण म्हणून विचारावं लागलं नाही. त्यानं मागे वळून सासूबाई कुठे आहेत ते बघितलं. "पोट्टीच व्हती. आली तवा आठाची अशीन का नवाची. दोन सालं राहिली, न् तापानं गेली. मीबी काय मोठा होतो? मिशी फुटाची होती माही."

"न् थे पाय? भक्तीनं काढलेले?"

तो हसला. मी त्याला असा हसताना पाहिलाच नव्हता, तोंडावर हात ठेवून. "काय भक्ती! दाराच्या चौकटीले रंग देनं चालू व्हतं. रंगाऱ्याचा डबा मीनंच लपवून वर नेऊन देल्ला तिले. म्हने, मी अशे पाय काढतो का कोनी पुसूच शकत नाई. मधात पोचली, तं माय आली. असं झोडपलं मायनं तिले! पंधरा दिवस मूठ लाल व्हती तिची. मी सांगतलं नाई का डबा माह्या हातचा हाय. तिनंबी नाई सांगतलं."

लक्ष्मी तिथे थिरावली नव्हती. तिथे ती पकडली गेली होती.

कधी उलट उत्तर दिलं नाही. ताटात टाकलं नाही. बस म्हटलं की बसायची. सासूबाईंची सगळी वाक्यं मला एका दमात आठवली आणि प्रत्येक वाक्यात आता भ्यालेलं एक पोर बसलेलं दिसलं. त्या पोरीवर मी बारा महिने तेरा काळ जळत होते.

"मले काहून नाई सांगतलं?"

"तिचं नाव काढलं का तुहं तोंड पाहाव लागे," तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

मी वर गेले. मिस्तरीचं काम झालं होतं आणि ठेकेदाराचा माणूस कळीवर हात ठेवून उभा होता. मी त्याला सांगितलं, "मधातल्या या दोन फळ्या सोडून द्या. जिन्यापासून थेट कपाटापर्यंत. तिथं मशीन न्याचं नाई."

"बाई, काळा पट्टा राहीन. चांगलं नाई दिसाचं."

"राहू द्या."

दिवसभर माडी गरजत राहिली. संध्याकाळी पिशव्याच्या पिशव्या भुसा खाली गेला, आणि वर आमचा साग होता, हळदीच्या रंगाचा, आणि त्याच्यामधून जाणाऱ्या दोन काळ्या फळ्या, त्यांवर ती पावलं. सासऱ्यांनी असं लाकूड आणलं होतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तुम्हाला वाटेल माझा मत्सर तिथे संपला. आठ-नऊ वर्षांच्या पोरीचा कोण मत्सर करतं? पण मला त्यानंतर झोप लागेना, आणि कारण ऐकाल तर हसाल. ती उंच, गोरी, केतकीच्या रंगाची बाई गेली, ते बरंच झालं. पण तिच्या जागी आता एक डबा आला. रंगाऱ्याची नजर चुकवून, आईची नजर चुकवून तो तिच्यासाठी डबा घेऊन जिना चढला होता. मी त्याच्या दोन लेकरांची आई. मला त्यानं लुगडी आणली, पाटल्या केल्या, माझ्या आजारपणात डॉक्टर आणला. सगळं उजळ माथ्यानं, आईला विचारून. माझ्यासाठी त्यानं कधी काही चोरलं नव्हतं. याच्यावर कोणता कागद घासायचा?

हे मी त्याला बोलून दाखवलं. रागानं, भांडी घासता घासता, अर्धं माझ्याशी अर्धं त्याच्याशी. "तिच्यासाठी चोऱ्या केल्या. आमाले बजारातून पावती करून आनून देते." तो पान लावत बसला होता.

तीन-चार दिवसांनी दुपारी मी वर मिरच्यांचे देठ काढत बसले होते. सासूबाई खाली झोपल्या होत्या, लेकरं शेजारी गेली होती. जिन्यावर पावलं वाजली, पण दबकत. मला वाटलं मांजर. नवरा वर आला तो एका बाजूला वाकून, कोट एका हातानं घट्ट धरून, आणि एवढ्या उन्हात त्यानं कोट घातला होता हेच आधी मला चमत्कारिक वाटलं. त्यानं दार लोटलं, कडी लावली आणि कोटाखालून डबा काढून माझ्यापुढे ठेवला. लाल तेलरंगाचा. अर्धा भरलेला, वर सांडून वाळलेले ओघळ.

"कुठून आनला?"

"इचारू नोको." त्याच्या कपाळावर घाम होता आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. समोरच्या अडतीवर दोन दिवसांपासून पाटी रंगवणं चालू होतं, ते मला माहीत होतं. पस्तिशीचा माणूस, गल्लीत ज्याला लोक शेठ म्हणायचे. "लवकर काढ. माय उठीन."

मी मिरच्यांचं सूप बाजूला सारलं. हात पुसले, पदर खोचला. डब्यात मूठ बुडवली तेव्हा रंग गार लागला आणि मनगटावर ओघळला. तो जिन्याकडे कान देऊन कडीपाशी उभा राहिला. मी गुडघ्यांवर पुढे गेले, तिचं शेवटचं पाऊल जिथे थांबलं होतं तिथे, आणि माझं पहिलं पाऊल टेकवलं. तिच्या मागे नाही, बाजूला नाही. पुढे.